आबांची सावड

आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, दिल्लीला आमच्याकडे राहायला आले ते मनाविरुद्ध, पण मुकाट्यानं. आजी वारली होती. धाकटे काका फौजेत, आज आसामात तर उद्या आणखी कुठे. दोन्ही आत्या आपापल्या संसारात. साताऱ्याच्या पुढे, जिथे ढग नुसते बघून जातात अशा मुलखातलं आमचं गाव. तिथल्या घरात आबांना भाकरी करून घालणारं कोणी उरलं नव्हतं. वडील रजा काढून गेले, शेत चुलत्यांना वाट्यानं लावून दिलं आणि आबांना घेऊन आले. त्यांच्याबरोबर एक घोंगडी, एक पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं पोतं होतं. दिल्लीत ज्वारी मिळत नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. पोतं दुसऱ्या मजल्यावर चढवताना रिक्षावाला जे काही पुटपुटला ते आबांना कळलं नाही, हे बरंच झालं.

आर. के. पुरमातले ते सरकारी क्वार्टर सगळे सारखे. तोच पिवळा रंग, तोच जिना, तेच हिरवं दार. पहिल्याच आठवड्यात आबा फिरून आले आणि आमचं घर समजून खालच्या मजल्यावर भल्लांच्या घरात शिरले. पायताण काढलं, टोपीसाठी खुंटी शोधली, सापडेना म्हणून टोपी हातातच धरली आणि तिथल्याच खुर्चीवर बसले. भल्ला आंटी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. उंच, धिप्पाड बाई, आवाज असा की तिसऱ्या ब्लॉकमधल्या पोराला हाक मारली तर मधल्या दोन्ही ब्लॉकमधली पोरं घरी जायची. एक अनोळखी म्हातारा समोर बघून त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी आबांना दंडाला धरून वर आणून सोडलं आणि आईला म्हणाल्या, "लो जी, अपना सामान सँभालो." त्या दिवसापासून त्या आबांना बाबूजी म्हणू लागल्या.

आबा माणूस म्हणून काही थोर वगैरे नव्हते. वर्षानुवर्षं ज्यांनी एकच जमीन कसली, दोन बहिणी आणि दोन मुली उजवल्या, बैल विकताना रडले आणि माणसं जाताना रडले नाहीत, अशांपैकी ते एक होते. वडील तालुक्याच्या गावी शिकत होते तेव्हा रोज सकाळच्या एसटीनं त्यांचा भाकरीचा डबा जायचा. तो स्टँडवर पोचवायचं काम आबांनी कधी दुसऱ्याला सांगितलं नाही. तरी वडिलांना त्यांनी कधी जवळ घेतल्याचं वडिलांना आठवत नव्हतं. घरातही ते कमीच बोलत. जेवायला बसले की मान खाली घालून जेवायचे आणि ताट असं निपटायचे की आईला ते घासायला लाज वाटायची. ज्वारी संपल्यावर आई थंडीत बाजरीची भाकरी करू लागली. तिचं माहेर पुण्याचं. तिच्या भाकरीला आबांनी कधी नाव ठेवलं नाही, पण ती टोपलीतून उचलताना खालून दुसरा हात लावायचे. भाकरी मध्येच मोडायची, म्हणून. आईला याचा फार राग यायचा.

सकाळी दुधाच्या बाटल्यांचा खणखणाट, मग नळाचं पाणी, मग भल्ला आंटींचा रेडिओ, मग ऑफिसच्या बसेस. बसेस निघून गेल्या की कॉलनी बायकांची व्हायची. हिवाळ्यात सगळ्या जणी कामं घेऊन खाली हिरवळीवर उन्हात येत. बाजा टाकल्या जात. कोणी विणायचं, कोणी गहू निवडायचं, कोणी लोणच्यासाठी गोबी आणि गाजरं चिरून वाळत घालायचं. समोरच्या अय्यर मामी, बारीक, अबोल, नेहमी दोन स्वेटर घातलेल्या, सगळ्यांकडे पाठ करून उन्हाला बसत. मला शाळा दुपारची असल्यामुळे हा सकाळचा दरबार मी रोज बघत असे. आज मी द्वारकेला एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहते. इथेही खाली हिरवळ आहे, चांगली कातरलेली आहे, आणि तिच्यावर पाऊल टाकलं तर गार्ड शिट्टी वाजवतो.

दुसऱ्या हिवाळ्यात आबांची छाती भरली. मोठ्या सरकारी इस्पितळात खेटे झाले. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं थकली आहेत, आता गावी पाठवू नका, प्रवासच झेपायचा नाही. वडिलांनी हे आबांना सौम्य करून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचारलं, "हितं मानूस मेलं म्हंजी उचलतंय कोन?"

"आबा, जेवताना काय हे," आई म्हणाली.

"गाडी येते," वडील म्हणाले. "फोन केला की येते."

"गाडी कुठवर येती? जिन्यात येती?"

वडिलांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"चार खांदं लागत्यात," आबा म्हणाले. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात. "एक तू. धाकला लष्करात, त्यो येळंला पोचंल न पोचंल. शैला पोरगी. म्हंजी तीन कमी पडत्यात." मग त्यांनी भाकरीचा तो तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "गावात असतो तर इचाराय लागलं नसतं. मी समद्यांस्नी उचलल्यालं हाय. तिथं माझं लोकांकडं लागतंय. हितं माझं कुनाकडंच काय लागत न्हाई."

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. आजोबा मरणाबद्दल बोलताहेत म्हणून मला भीती वाटली, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसेना. पेरणी तोंडावर आली आहे आणि बैल अजून एकच आहे, अशी काळजी होती ती.

बरं वाटू लागल्याबरोबर आबा कामाला लागले. आमच्या घरच्या नव्हे, लोकांच्या. सकाळी बसेस गेल्या की टोपी घालून ते खाली जायचे आणि ज्या बाजेवर जास्त काम दिसेल तिच्या टोकाला बसायचे. अय्यर मामींचे गहू निवडून द्यायचे. ते पीठगिरणीत न्यायचा डबा खांद्यावर घ्यायचे, धाप लागली की थांबायचे, पण डबा दुसऱ्याला द्यायचे नाहीत. भल्ला आंटींच्या रजया उसवून कापूस पिंजून आला की तो पसरून पुन्हा टाके घालायचे. त्यांचे टाके मोठे, गोणपाटाला घालतात तसे, पण सुटायचे नाहीत. आणि बाजा. त्या काळी उन्हाळ्यात अख्खी कॉलनी बाहेर बाजांवर झोपायची आणि सगळ्या बाजा पोटात झोळ पडलेल्या. आबा बाज उपडी करून, पायथ्याशी पाय रोवून एकेक दोरी अशी ओढायचे की बाज वाजली पाहिजे. हिंदी त्यांना येत नसे, त्यामुळे ते मराठीच बोलायचे, फक्त जोरात. "बाई, ही बाज ढिल्ला है! मी आवळून देता है!" बायका हसायच्या आणि बाज पुढे करायच्या. आईला लाज वाटायची. सेक्शन ऑफिसरचे वडील लोकांच्या बाजा आवळत बसतात, हे तिला कसंतरीच होई. पण थांबवायचं कसं आणि काय सांगून?

खरी अडचण वेगळीच होती. आबा कोणाकडचं काही घेत नसत. काम झालं की अय्यर मामी फिल्टर कॉफी आणून द्यायच्या. आबा दोन्ही हात जोडून नको म्हणायचे. भल्ला आंटींकडून शिरा यायचा, पराठे यायचे, सरसोंचा साग यायचा. आबा त्याला बोट लावायचे नाहीत. पाणी दिलं तरी घ्यायचे नाहीत, तहान लागली तर दोन मजले चढून घरी येऊन प्यायचे. आम्ही ते पदार्थ खायचो, तेही त्यांना पसंत नसे. एकदा त्यांनी आईला पराठे परत पाठवायला सांगितलं. आईनं अर्थातच पाठवले नाहीत. पण कॉलनीत कुजबूज सुरू झाली. म्हातारा काम सगळ्यांचं करतो, पण खात कोणाच्याच हातचं नाही. याचा जो अर्थ निघतो तोच लोकांनी काढला. वडिलांच्या कानावर ते ऑफिसच्या बसमध्ये आलं.

मग भल्लांचा मोठा मुलगा परीक्षा पास होऊन बँकेत लागला. रविवार होता. आंटी स्वतः ताट घेऊन वर आल्या. गव्हाचं पीठ भरपूर तुपात भाजून, त्यात गूळ आणि बदाम घालून त्या लाडवासारखं काहीतरी करायच्या, त्याला त्या पिन्नी म्हणत. तुपाचा वास जिन्यातूनच वर आला होता. आईच्या हातात ताट न देता त्या सरळ आबांसमोर उभ्या राहिल्या.

"बाबूजी, लीजिए. मुँह मीठा कीजिए."

आबांनी हात जोडले.

आंटींचा चेहरा बदलला. "आज साफ-साफ बता दीजिए," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मी हळू ऐकला. "हमारे हाथ का नहीं चलता आपको? मेरी रज़ाई में टाँके आपके हाथ के हैं, और मेरे घर का पानी तक नहीं पीते. हम जब उधर से लुट-पिट के आए थे न, स्टेशन पर किसी ने रोटी दी, हमने उसकी जात नहीं पूछी थी."

वडील उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "आबा, खा," ते मराठीत म्हणाले. वडिलांनी आबांना एकेरी म्हटलेलं मी तेव्हा एकदाच ऐकलं. "आत्ता इथे, माझ्यासमोर खा. नाहीतर मला या लोकांत तोंड दाखवता येणार नाही."

आबांनी एकदा वडिलांकडे आणि एकदा ताटाकडे बघितलं. त्यांना हिंदी समजत नव्हती तरी काय म्हटलं गेलं ते त्यांना समजलं होतं. त्यांनी एक पिन्नी उचलली आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आंटींनी ओढणीनं डोळे पुसले, दुसरी त्यांच्या हातात ठेवली, आबांनी तीही खाल्ली. "जीते रहो बाबूजी," असं वयानं मोठ्या माणसाला म्हणून आंटी हसत खाली गेल्या.

दार लागल्यावर आबांनी हात धुतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गेलं. त्या घरात तीन बापय हायती. तिन्ही खांदं गेलं."

कोणालाच काही कळेना. तेव्हा आबा बोलले, आणि इतकं सलग मी त्यांना आधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. गावाकडे कामाच्या दोन रीती असतात, ते म्हणाले. एक इर्जिक. तुझ्या रानात नांगर घेऊन समदी येत्यात, दिवसभर राबत्यात, रात्री तू त्यांस्नी जेवान घालायचं. जेवान झालं की फिटलं, कुनी कुनाचं लागत न्हाई. दुसरी सावड. आज मी तुझ्या रानात राबलो, तर उद्या तू माझ्या रानात यायचं. त्यात पैका न्हाई, जेवान न्हाई. अंगमेहनत ती अंगमेहनतीनंच फेडायची, आनि जवर फेडली न्हाई तवर ती ऱ्हाती. "मला हितं इर्जिक नगं हाय, सावड पायजे. कुनाचं खाल्लं की फिटलं. मग मला उचलाय कोन कशाला यील?"

वडील त्याच गावात वाढलेले, ही रीत त्यांना माहीत असायला हवी होती. पण शिकायला म्हणून ते लहानपणीच बाहेर पडले, आणि बाहेर पडलेल्या माणसाचं असलं काही पहिलं विसरतं. आई आत गेली. पातेलं घासायचा आवाज आला, मग थांबला. मला हसू येत होतं. दुसऱ्याच्या घरची मिठाई खाऊन नुकसान झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिरवळीवर आईनं हे भल्ला आंटींना सांगितलं. आईची हिंदी तेव्हा बेताचीच, त्यात सावड आणि इर्जिक यांना हिंदी शब्द कुठून आणणार? ती हातवारे करून, अडखळत सांगत होती आणि मध्येच म्हणत होती, "शैला, तू सांग गं." मी सांगितलं. आंटी आधी मोठ्यानं हसल्या. "हाय रब्बा, बुड्ढे का दिमाग तो देखो!" मग हसणं ओसरलं. त्या विणत होत्या ती सुई तशीच धरून आबांकडे बघू लागल्या. आबा पलीकडे अय्यर मामींचे गहू निवडत होते, खडे वेचून एका बाजूला रचत होते. अय्यर मामींनी त्या दिवशी कॉफी आणली नाही, आणि पुढेही कधी आणली नाही. त्या सगळ्यांकडे पाठ करून बसत, त्यांना ऐकू येत नसावं असं मला तोवर वाटत आलं होतं.

फाल्गुनात ऊन चटकू लागलं तेव्हा भल्ला आंटींच्या धाकट्या मुलानं त्यांची बाज खाली आणून टाकली. मागोमाग आंटी आल्या. "बाबूजी, देखिए, बिल्कुल ढीली हो गई." आबांनी बाज उपडी केली. ही बाज त्यांनी गेल्याच महिन्यात आवळलेली होती. त्यांनी पायथ्याच्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. गाठ सुटली नव्हती, ती सोडली होती. कोणीतरी नखानं उकलून एकेक दोरी हातानं ढिली केली होती. आबांनी मान वर करून आंटींकडे पाहिलं. आंटी दुसरीकडे बघत मुलावर ओरडत होत्या. आबा खाली बसले, पाय रोवला आणि दोऱ्या ओढायला लागले. मध्ये खोकला आला तेव्हा थांबले. बाज वाजेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. काम झाल्यावर आंटींनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आबा दोन मजले चढून घरी आले, माठातलं पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "बाई समजूतदार हाय."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती बाज ढिली होऊ लागली. कॉलनीतल्या आणखीही काही बाजांना तोच रोग लागला. आबा सगळ्या आवळत. त्यांचा जोर कमी होत गेला तशा दोऱ्याही कमी सुटायला लागल्या. शेवटी शेवटी एखादीच सुटलेली असायची. हे कोण ठरवत होतं ते मला माहीत नाही.

आबा गेले ते पुढच्या हिवाळ्यात, हिरवळीवर, भर उन्हात. मटारच्या दिवसांत सगळ्या जणी शेंगा सोलायला बसत. आबा बाजेवर उशीला टेकून बसले होते, घोंगडी पायांवर, मांडीवर सूप. बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. अय्यर मामींनी त्यांच्या सुपात आणखी शेंगा टाकायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. मग त्यांनी हाक मारली, आणि मामींचा तेवढा मोठा आवाज कॉलनीनं त्यापूर्वी ऐकला नव्हता. मी वरून धावत आले तेव्हा भल्ला आंटी आबांच्या छातीला कान लावून बसल्या होत्या. दाणे गवतात सांडले होते. कोणीतरी सूप बाजूला घेतलं. मला रडू आलं नाही. घोंगडीचा एक कोपरा जमिनीवर लोळत होता, तो मी उचलून वर घेतला.

फोन अय्यरांकडे होता, तिथून वडिलांच्या ऑफिसात कळवलं. वडील आले, त्यांच्याबरोबर ऑफिसातली बरीच माणसं आली. कोणी पहाडगंजातून मराठी गुरुजींना आणलं, कोणी बांबू, दोरी, मडकं आणलं. काकांना तार केली, पण ते तिकडे सीमेवर. ते पोचणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं होतं आणि हिवाळ्याचा दिवस लहान. अंत्ययात्रेची गाडी मोठ्या रस्त्यावर उभी राहणार होती, कारण ब्लॉकपर्यंत येणारा रस्ता खणून ठेवला होता. तिथपर्यंत खांद्यावरून न्यायचं होतं. आबांनी ज्याची चौकशी केली होती, नेमका तेवढा टप्पा. माणसांची तर आता काहीच कमतरता नव्हती. वडिलांच्या सेक्शनमधले चांगले धडधाकट लोक बाह्या सारून उभे होते.

तिरडी उचलायला चौघे वाकले तेव्हा भल्ला आंटी पुढे आल्या. भल्लासाहेब दौऱ्यावर होते, मोठा मुलगा नोकरीच्या गावी, धाकटा होस्टेलवर. आबांनी ज्या तीन खांद्यांचा हिशोब धरला होता त्यांतला एकही दिल्लीत नव्हता.

"ठहरिए," आंटी म्हणाल्या. "दफ़्तरवाले बाद में. पहले हम."

गुरुजींना वाटलं त्यांना दर्शन घ्यायचं आहे. ते म्हणाले, "लीजिए, पाँव छू लीजिए."

"पाँव नहीं. कंधा." त्यांनी ओढणी कमरेला बांधली. "काम बाबूजी ने मेरा किया है. मेरे आदमी का नहीं किया, मेरे लड़कों का नहीं किया."

त्यांच्यामागून अय्यर मामी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वरचा स्वेटर काढून कोणाच्या तरी हातात दिला होता. गुरुजी वडिलांना मराठीत म्हणाले, "अहो, बायका खांदा देत नाहीत. आपल्यात पद्धत नाही. समजवा त्यांना." ऑफिसातले लोक एकमेकांकडे बघू लागले. वडील चष्मा हातात घेऊन उभे होते. आयुष्यभर पद्धतीनं वागलेला माणूस, फायलीवर शेरासुद्धा समासाच्या आत लिहिणारा. त्यांनी आईकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे आबांचं लागतंय," आई म्हणाली. "फेडू द्या त्यांना." मग तिनं स्वतःचा पदर खोचला आणि मागच्या डाव्या बांबूखाली जाऊन उभी राहिली.

वडिलांनी चष्मा लावला. "आइए, भाभीजी," ते म्हणाले, आणि खाली वाकले.

पुढे वडील आणि भल्ला आंटी, मागे अय्यर मामी आणि आई. आंटी उंच, मामी बुटक्या, त्यामुळे तिरडी मागे एका बाजूला कलत होती आणि मामी टाचा उंचावून चालत होत्या. बाजूनं चालणारे लोक हात पुढे करत, पण कोणी लावत नव्हतं. गावाकडे घर आणि मसणवट यांच्यामध्ये विसाव्याची जागा असते. तिथे तिरडी टेकवतात, फिरवून घेतात आणि खांदे बदलतात. गुरुजींनी दूधकेंद्राजवळचं कडुलिंबाचं झाड विसावा म्हणून सांगितलं. तिथे त्यांनी आबांना खाली ठेवलं. मग पुरुषांनी उचललं आणि ते मोठ्या रस्त्याकडे निघून गेले. बायका झाडाखाली राहिल्या. भल्ला आंटी खांदा चोळत म्हणाल्या, "हल्के थे बाबूजी," आणि एकदम रडायला लागल्या. तेव्हा मग मलाही रडू आलं.

आमच्या घरचं माणूस त्या दोघींच्या कामाला पुढे कायम जात राहिलं. आई लोणच्याच्या दिवसांत न बोलावता खाली जायची. वडिलांची बदली झाली, रिटायरमेंट झाली, क्वार्टर सुटले, अय्यर मामी मुलाकडे चेन्नईला गेल्या आणि तिकडेच वारल्या. आई-वडीलही गेले. भल्ला आंटी मात्र फार जगल्या. त्यांचा मोठा मुलगा रिटायर होऊन फरीदाबादला राहतो. आंटी गेल्याचा त्याचा फोन आला तेव्हा मी मेट्रो बदलत, गुडघे सांभाळत तिकडे पोचले. अंगणात नातवंडं आणि त्यांचे मित्र उभे होते, माणसांची कमतरता नव्हती. मी पर्स एका मुलीच्या हातात दिली आणि पुढे झाले. "शैला, तुम?" असं तो म्हणाला, आणि मग त्याला आठवलं असावं, कारण त्यानं नातवाला बाजूला केलं. फाटकापर्यंतच गेले मी. आंटी हलक्या नव्हत्या.

तेराव्यानंतर काही दिवसांनी खालून गार्डचा फोन आला की पार्सल आहे. स्टीलचा डबा होता, कापडात बांधलेला, आणि तो हातात घेताच तुपाचा वास आला. आंटींच्या नातसुनेनं पाठवला होता. मी डबा उघडला नाही. ज्या माणसानं तो आणला त्याच्याच हाती परत दिला. तासाभरात तिचा फोन. "बुआजी, आप नाराज़ हैं क्या? दादीजी वाली ही पिन्नी थी, मैंने ख़ुद बनाई."

नाराज कशाला असेन? मी तिला म्हटलं, बेटा, तू कधीतरी सवडीनं माझ्याकडे ये, खूप गप्पा मारू. पण हे पाठवू नकोस. माझी सत्तरी आली, मी एकटी राहते, आणि चौदा मजले आहेत. मला आता पिन्नी परवडायची नाही.